मला दुखता येत नाही

माणसं जन्माला येतात, भांडी घडवली जातात आणि पुस्तकं छापली जातात. माझं हे तिन्ही झालं. मी गुडघ्यातली गादी. डॉक्टर मला कूर्चा म्हणतात, पण 'हिच्या गुडघ्याची गादी झिजलीय' असं तुम्हीही कुणाबद्दल तरी ऐकलं असेल, तीच मी. फरक एवढाच की मी गुडघ्यासोबत वाढलेली नाही. मला कॅनडातल्या विनिपेगमधल्या एका प्रयोगशाळेत थ्रीडी प्रिंटरवर छापलं.

छापली म्हटलं की लोकांना वाटतं, मी प्लास्टिकची असणार. अजिबात नाही. मी ओस्तापची आहे, त्याच्याच जिवंत पेशींची. त्याच्या सख्ख्या मुलीपेक्षाही मी त्याच्या जवळची आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता तसं म्हणायची हिंमत होत नाही.

ओस्ताप मेल्निचुक सिफ्टन गावात शाळेची बस चालवायचा आणि संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये पोरांना नाच शिकवायचा. त्यांच्या युक्रेनी नाचात पुरुषांनी उकिडवं बसायचं, हात छातीशी बांधायचे आणि तसंच बसल्या बसल्या एकेक पाय झटक्यात पुढे फेकायचा. बघणाऱ्यांना भारी मजा येते. गुडघ्यांना काय येतं ते कुणी विचारत नाही. ओस्ताप हे पोरवयापासून करत आला होता, त्याचा बाप आणि आजाही तेच करत आले होते. त्या गावात म्हाताऱ्यांची चाल बघितली की तरुणपणी कोण किती चांगला नाचायचा ते कळतं. जो जास्त लंगडतो त्याला हॉलमध्ये पुढची खुर्ची मिळते.

ओस्तापची बायको स्तेफा नाचातही त्याची जोडीदारीण होती. ती असेपर्यंत त्यानं डाव्या गुडघ्याचं दुखणं अंगावर काढलं. मग स्तेफाला कॅन्सर झाला आणि ती गेली. ती गेल्यावर गुडघ्यानंही हातपाय गाळले. एक दिवस बसच्या पायरीवरच पाय अडकला आणि मागे उभ्या असलेल्या पोरांना वाटलं, सर थट्टा करतायत.

तेव्हा दारकानं त्याला गाडीत घातलं आणि विनिपेगला आणलं. दारका त्याची एकुलती एक मुलगी. बालवाडीत शिकवायची, आणि बापालाही बालवाडीतल्यासारखंच वागवायची.

डॉक्टर फ्रीसन नावाच्या बाईंनी फोटो काढून पाहिले. गुडघ्याच्या जुन्या गादीला मोठा खळगा पडला होता, पण बाकीचा सांधा शाबूत होता. "धातूचा गुडघा कधीही बसवता येईल," त्या म्हणाल्या, "पण त्यानं तुम्हाला नाचता येणार नाही. आम्ही एक नवीन प्रयोग करतोय. तुमच्याच पेशी वाढवून खळग्याच्या मापाची गादी छापायची आणि तिथे बसवायची. नीट मुरली तर गुडघा पुन्हा तुमचा. नाही मुरली तर मात्र धातूच."

"आणि मुरली तर नाचता येईल?" ओस्तापनं विचारलं.

"मुरली तर येईल."

पण तारीख मिळाली ऑगस्टमधली, आणि ऑगस्टमध्ये दारकाचं लग्न ठरलेलं होतं. नवरामुलगा ब्यार्नी, गिम्ली गावचा. बोटींच्या इंजिनाचं काम करायचा आणि त्याला लांब हॅलिफॅक्सला नोकरी लागली होती. ओस्ताप म्हणाला, "मी थांबतो. गुडघा काय, कुठे पळून जातोय?"

"पळता येत असतं तर इथे कशाला आलो असतो?" दारका म्हणाली. "लग्न पुढे ढकलू. ब्यार्नी तिकडे जाऊन घर बघेल. मी हिवाळाभर तुझ्याजवळ राहते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दारकाच्या बापाला नवीन गुडघा मिळाला आणि दारकाला जुनाच बाप."

असं ते ठरलं. लग्न फेब्रुवारीवर गेलं, कारण त्याच्यापुढे उपासाचे आठवडे लागतात आणि मग ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्नं होत नाहीत.

डॉक्टरांनी ओस्तापच्या गुडघ्याच्या एका कोपऱ्यातून, जिथे भार पडत नाही तिथून, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. तो माझा आरंभ. मारिबेल नावाच्या मुलीनं त्यातल्या पेशी सुट्ट्या केल्या, चपट्या बाटलीत ठेवल्या आणि त्यांना खाऊपिऊ घातलं. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा आम्ही वाढत गेलो. मग तिनं आम्हाला समुद्री शेवाळाच्या चिकात मिसळलं आणि त्याची जिवंत शाई केली. ती शाई प्रिंटरच्या सुईतून बारीक धारेनं खाली उतरायला लागली. जाळीवर जाळी, थरावर थर. वरून मारिबेल आपली पुटपुटत होती, "सावकाश हं बाळा, सावकाश. घाई नको." प्रिंटरला म्हणत होती की मला, ते मला आजही माहीत नाही. मी आपलं ते मलाच म्हटलेलं धरून चालते.

त्यानंतर मी काचेच्या उबदार पेटीत, लालसर पाण्यात राहिले. तिथे एक यंत्र मला हळूहळू दाबायचं आणि सोडायचं. आमची जात लाडानं बिघडते. वजन अंगावर आलं तरच आम्ही घट्ट होतो.

एक दिवस ओस्ताप आणि दारका मला बघायला आले. बापलेकीनं काचेला नाक लावलं.

"हीच का?" ओस्ताप म्हणाला. "पिरोग्या लाटून उरलेली वाळकी कणीक वाटतेय."

"तातो, गप. तिला वाईट वाटेल." बापाला ती तातोच म्हणायची. मग तिनं मारिबेलला विचारलं, "हिला दुखतं का हो काही?"

"नाही," मारिबेल म्हणाली. "हिच्यात नसच नसते. रक्तही नसतं. गादी झिजून गेली की खालच्या हाडाला दुखतं. हिला स्वतःला कधीच नाही."

"म्हणजे आमच्या सगळ्यांपेक्षा सुखी," ओस्ताप म्हणाला.

डॉक्टर फ्रीसन मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "मला भीती तीच आहे," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्षभर ही मुरत असते. त्या काळात कड सुटली, चीर पडली, तरी ही बोंब मारणार नाही. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं समजायचं नाही. चाला, हिंडा, पण भार टाकून उकिडवं बसायचं नाही. पुढच्या वर्षीच्या नाताळापर्यंत तर मुळीच नाही."

ओस्तापनं कान पकडले. दारका म्हणाली, "मी आहे ना, डॉक्टर. डोळ्यांत तेल घालून बघेन."

ऑगस्टमध्ये मला त्या खळग्यात बसवलं. कडेनं बारीक टाके, मध्ये गोंद. अंधारात पडल्या पडल्या मी पहिल्यांदा ओस्तापचा आवाज आतून ऐकला. हाडातून आवाज फार छान येतो.

आणि दारकानं खरोखरच डोळ्यांत तेल घातलं. पाय हलवणारं यंत्र ती रोज त्याला बांधायची. कुबडी विसरून तो दोन पावलं चालला तर स्वयंपाकघरातून ओरडायची. बर्फ पडायला लागल्यावर त्याच्या बुटांना काटे बांधल्याशिवाय त्याला अंगणातही जाऊ द्यायची नाही. ब्यार्नीचा फोन आला की दुसऱ्या खोलीत जायची. परत येताना तिचा आवाज थोडा जड असायचा, पण ती म्हणायची, "तुझ्या गुडघ्यानं माझा नवरा पळवला बघ."

ओस्ताप तेव्हा हसायचा. ती झोपायला गेली की एकटाच बसून राहायचा आणि मग त्याचा हात माझ्यावर यायचा. "पोरीचा लग्नाचा उन्हाळा खाल्लास तू," असं तो एकदा म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कुणास ठाऊक.

बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून तो रिकाम्या हॉलमध्ये जाऊन चालायचा. ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस. पाऊल टेकलं की मी दबायचे, उचललं की फुलायचे आणि सांध्यातलं पाणी पिऊन घ्यायचे. मी दिवसेंदिवस घट्ट होत होते. कडा हाडाला धरू लागल्या होत्या. अजून नव्हत्या पुरत्या धरल्या, पण लागल्या होत्या.

हॉलमध्ये वुयको पेत्रो असायचा. हा स्तेफाचा मामा; वुयको म्हणजे मामाच. सगळ्या गावाच्या लग्नांत तारांवर लाकडी काड्या मारून त्सिम्बाली वाजवायचा. "काय रे ओस्ताप," तो म्हणायचा, "किती फेऱ्या मारशील? घोडासुद्धा कंटाळला असता."

"पुढच्या नाताळला नाचणार आहे मी, वुयको. तुझे हात थकेपर्यंत."

"माझे हात तेव्हा असले तर!"

मग दारकाचं लग्न आलं. ब्यार्नी परत आला, दोन्हीकडचे पाहुणे जमले, हॉल माणसांनी भरला. बायकांनी आठवडाभर खपून कोबीचे रोल केले होते. ओस्ताप नवा कोट घालून, काठी घेऊन पुढच्या खुर्चीत बसला होता. पुढची खुर्ची मिळाल्याबद्दल दहा जणांनी त्याची चेष्टा केली.

आता त्या गावचा एक रिवाज सांगायला हवा. जेवणं झाली की कोलोमिय्काचं रिंगण होतं. सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवतात आणि एकेक जण मध्ये येऊन आपली करामत दाखवतो. पण लग्नात रिंगण उघडतात ते नवरीचे आईबाप. ते नाचल्याशिवाय दुसरा कुणी मध्ये पाऊल टाकत नाही. दारकानं हे ओळखून आधीच वुयको पेत्रोला बजावलं होतं, "या वेळी ते नको. सरळ पोरांना बोलवा." पेत्रोनं मान हलवली होती.

पण माणूस जन्मभर एकच गोष्ट करत आला की ती त्याच्या तोंडातूनच निघते. रिंगण झालं, काड्या तारांवर पडल्या आणि पेत्रोनं नेहमीसारखी हाळी दिली, "नवरीचे आईबाप, मध्ये या!"

म्हाताऱ्यानं लगेच जीभ चावली, पण हाळी जाऊन चुकली होती. टाळ्या थांबल्या. मधली जागा रिकामी होती, आणि स्तेफा नाही हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला एकदमच आठवलं. मला ओस्तापच्या मांडीचा स्नायू ताठ झालेला कळला.

तेवढ्यात दारका मध्ये गेली. पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरून ती आईच्या जागी नाचायला लागली. तिचं ते गिरकी घेणं, खांदा मुरडणं हुबेहूब स्तेफाचं होतं, असं लोक नंतर म्हणत होते. फिरता फिरता तिनं बापाला हातानंच खूण केली, बस, उठू नकोस.

पण त्या गावात नाचणाऱ्या बाईला रिंगणात एकटं सोडत नाहीत. तो अपमान आहे, आणि तिथे तर मुलगी होती. ओस्ताप उठला. आधी तो नुसताच तिच्या भोवती काठी टेकत फिरला. मग त्यानं काठी कुणाच्या तरी हातात दिली.

त्याचं दुखलं असतं तर तो थांबला असता. एवढं मी शपथेवर सांगते. जुन्या गुडघ्यात जरा वाकलं की कळ डोक्यात जायची आणि तो मुकाट्यानं खुर्ची गाठायचा. आता तो वाकला आणि काहीच झालं नाही. आणखी वाकला, तरी नाही. त्याच्या छातीतून एक हसू आलं, मला ते हाडातून ऐकू आलं. असं हसू मी त्याच्या अंगात राहून कधी ऐकलं नव्हतं. मग त्यानं हात छातीशी बांधले, पार खाली बसला आणि पाय फेकला. एकदा, आणि पुन्हा. सगळा भार माझ्यावर आला. हॉल दणाणून गेला.

खरं सांगू? मलाही आनंद झाला. ज्यासाठी मला केलं होतं ते मी करत होते. माझी एक कड सुटली, मध्ये चीर गेली, आणि मला पत्ताही लागला नाही.

नाच संपल्यावर दारका धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तातो! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? दुखतंय का? खरं सांग."

"अजिबात नाही," ओस्ताप म्हणाला, आणि ते खरं होतं.

मग ती त्याच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "आज आई आली होती, तातो. मला ती दिसली. आता मला आयुष्यात आणखी काही दिलं नाहीस तरी चालेल."

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. ब्यार्नी कामावर परत गेला. दारका सामान बांधायला मागे राहिली. ओस्ताप शीळ घालत घरभर फिरायचा. पण चालताना मी आता सरकत होते, आणि माझ्याखालचं हाड उघडं पडत होतं. हाडाला बोलता येतं. ते बोलायला लागलं. गुडघा सुजला. ओस्ताप दार लावून त्यावर बर्फ धरायचा आणि बाहेर आला की सरळ चालायचा.

दारका निघायच्या आदल्या दिवशी त्यानं जिना उतरताना पाय ओढला, आणि ती खालीच उभी होती.

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, विजार वर केली आणि गुडघा बघून ती खाली जमिनीवरच बसली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "लग्नात नाचलास त्यानं झालं का हे? माझ्यामुळे?"

ओस्तापचा हात माझ्यावर होता.

"छे!" तो म्हणाला. "लग्नाचा काय संबंध? तेव्हा तर ठणठणीत होता, तूच विचारलंस की. मी परवा बर्फावर घसरलो. बस पुसायला गेलो होतो."

"बुटांना काटे बांधले होतेस?"

"नाही. म्हटलं, दोन पावलं तर जायचंय."

दारका उठली. आधी तिच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं असणार, कारण तिनं मोठा श्वास सोडला. आणि मग ती जी भडकली! "दोन पावलं! मी माझं लग्न पुढे ढकललं. तो तिकडे एकटा भाड्याच्या खोलीत राहिला. हिवाळाभर मी तुझे काटे बांधले आणि तुला एक दिवस, एक दिवस स्वतःचे बांधता आले नाहीत? तुला कुणाची किंमत आहे का, तातो? मी कशासाठी थांबले इथे?"

त्याच्याकडे उत्तर होतं. एका वाक्याचं होतं. त्यानं विजार पुन्हा खाली ओढली.

"बोल ना काहीतरी!"

"चुकलं माझं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेट्या गाडीत टाकल्या. ओस्ताप दारापर्यंत काठी टेकत गेला. "पोचलीस की फोन कर," तो म्हणाला.

"बघू," दारका म्हणाली, आणि गाडीचं दार लागलं.

त्यानंतर महिनाभरानं डॉक्टर फ्रीसननी गुडघ्यात दुर्बीण घातली आणि मला पाहिलं. मी दुमडून एका कडेला लोंबत होते. मला काढण्यावाचून इलाज नव्हता. शस्त्रक्रियेआधी त्या ओस्तापच्या खाटेशी बसल्या. "पडल्यावर अशी फाटत नाही," त्या म्हणाल्या. "खाली बसून पिळल्यावर अशी फाटते. काय झालं होतं?"

ओस्तापनं त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाला, "माझी मुलगी तुम्हाला फोन करून विचारेल, डॉक्टर. तिला सांगा, बर्फावर पडला."

"ती तुमच्यावर रागावलेली आहे ना?"

"राग जातो. दुसरं जे आहे ते तिच्या जन्मात जाणार नाही. लग्नात आई आल्याची तिच्याजवळ एवढी एकच आठवण आहे. ती कशाला नासवू?"

डॉक्टरांनी फाईल मिटली. "बरं," त्या म्हणाल्या. "बर्फ."

ओस्तापला आता धातूचा गुडघा बसेल. त्यानं तो बस चालवेल, चर्चच्या पायऱ्या चढेल, पण उकिडवं कधी बसणार नाही. मी पुन्हा प्रयोगशाळेत आले आहे, औषधी पाण्याच्या बरणीत, दोन तुकड्यांत. पुढच्या गादीच्या कडा आणखी पक्क्या कशा करायच्या याचा अभ्यास माझ्यावरून चालतो. मारिबेल परवा बरणी उजेडात धरून बघत होती. "नाचलीस होय गं?" एवढंच म्हणाली, आणि मला परत जागेवर ठेवताना तिनं डोळे पुसले. पुढची जी कुणी छापली जाईल तिला माझ्यापेक्षा चांगला जन्म मिळो. आणि जमलं तर तिला थोडंसं, अगदी कामापुरतं, दुखता यावं.

मला इथे बाहेरची बातमी कळत नाही. ओस्तापच्या हाडातून त्याच्या घरातलं सगळं ऐकू यायचं, या बरणीत फक्त प्रयोगशाळेतलं येतं. त्यामुळे दारकानं फोन केला की नाही ते मला माहीत नाही. मी काढली जाईपर्यंत तरी केला नव्हता. फोन वाजला की तो काठी न घेताच उठायचा, आणि फोन दुसऱ्याच कुणाचा तरी असायचा.

मी हे तुम्हाला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. तुमच्यापैकी कुणी हॅलिफॅक्सला गेलं आणि तिथल्या बालवाडीत दारका नावाची बाई भेटली, तर ती आपल्या वेंधळ्या बापाची गोष्ट सांगेल. दोन पावलांसाठी त्यानं बुटांना काटे बांधले नाहीत, म्हणेल. ऐकून घ्या. तिच्या हो ला हो करा. आणि निघताना सहज म्हणून सांगा, बापाला एक फोन कर. बाकी काही सांगू नका.